काळ्या जमिनीस लहान ट्रॅक्टर

आष्टी नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. बीड जिल्ह्यांतील आष्टी हें तालुक्याचें ठिकाण आहे. वर्धा जिल्ह्यांतील आष्टीचें नांव १९४२ च्या आंदोलनामुळें सर्वतोमुखी झालें. गडचिरोली जिल्ह्यांतहि एक आष्टी आहे. येथें जिचा विचार करावयाचा आहे ती आष्टी जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील होय. १९८१ सालीं जालना जिल्हा स्वतंत्र झाला, तोंपर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे, आणि अजूनहि शेतीचा कांहीं प्रश्न निघाला म्हणजे येथील लोकांची दृष्टि परभणीच्या कृषि विद्यापीठाकडे सहज वळते. दक्षिणेच्या अंगास गोदावरी, परतूरच्या बाजूस दुधना, आणि मध्यें भारी काळी जमीन. कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारी हीं येथील पिकें. जेथें कालव्याचें अथवा विहिरीचें पाणी आहे तेथें ऊंस. आणि जिच्यामुळें सबंध जिल्हा ओळखला जातो ती मोसंबी. ट्रॅक्टरची गोष्ट काढून भूगोल सांगत बसण्याचें कारण इतकेंच कीं, कोणता ट्रॅक्टर घ्यावा ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक मातीगणिक बदलतें. कोंकणांतील भातखाचरास जो उत्तम तो आष्टीच्या शिवारांत कुचकामाचा ठरूं शकेल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर विकावयास काढला, तेव्हां लोखंडाच्या स्पर्शानें जमीन नासते अशी भीति शेतकऱ्यांस वाटत असे, आणि तयार झालेले नांगर कित्येक दिवस पडून राहिले. आज स्थिति अगदीं उलट झाली आहे. यंत्राची भीति कोणासच उरली नाहीं. शेजाऱ्याच्या अंगणांत नवा कोरा ट्रॅक्टर उभा राहिला, त्याच्या बोनेटवर हार पडला, पेढे वांटले गेले, म्हणजे आपल्या दारींहि तो असावा असें घरांतील तरुण मुलास वाटूं लागतें, आणि मग वडिलांचा सातबारा बँकेंत जातो. ह्या सातबाऱ्यासाठींच पुढील विचार सावकाशीनें करणें अवश्य आहे.

लहान ट्रॅक्टर हवासा वाटण्याचीं कारणें मात्र खोटीं नाहींत. २०१५-१६ सालच्या कृषि गणनेप्रमाणें महाराष्ट्रांत एका खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांहून थोडी अधिक, इतकीच आहे. एवढ्याशा जमिनीवर बैलजोडी वर्षभर पोसावयाची, आणि तिच्याकडून काम घ्यावयाचें तें वर्षांतील थोडेच दिवस. वैरण महाग झाली आहे, सालगडी मिळत नाहीं, आणि ज्याचे हात कोळप्यावर बसलेले आहेत असा माणूस गांवांत शोधावा लागतो. बैल गेले ते परत येत नाहींत. त्यांच्या जागीं काय, हा प्रश्न उरतोच.

गांवांत ४५-५० अश्वशक्तीचे मोठे ट्रॅक्टर भाड्यानें मिळतात. लहान ट्रॅक्टर म्हणून जो ओळखला जातो तो साधारणतः १५ ते २५ अश्वशक्तीचा. स्वराज ७१७ आणि महिंद्रा युवराज २१५ हे १५ अश्वशक्तीच्या वर्गांतील असून त्यांचें इंजिन एका सिलिंडरचें आहे. महिंद्रा जिवो २४५ व कुबोटा निओस्टार बी २४४१ हे २४ अश्वशक्तीचे असून त्यांच्या चारहि चाकांस इंजिनाची गति मिळते. राजकोटच्या कॅप्टन व बंगळूरच्या व्हीएसटी ह्या कंपन्यांचेहि लहान ट्रॅक्टर बाजारांत आहेत. हीं नांवें केवळ वर्ग ध्यानांत यावा म्हणून दिलीं. कोणाची भलामण करण्याचा हेतु नाहीं.

अश्वशक्ति हा शब्द सर्वांच्या तोंडीं आहे, पण तिचा हिशेब फारसा कोणी करून पाहत नाहीं. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उंच उचलण्यास जी शक्ति लागते ती एक अश्वशक्ति. जेम्स वॅट ह्यानें आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना लोकांच्या परिचयाच्या घोड्याशीं करावी म्हणून हें माप रूढ केलें. आपल्याकडे तें बैलांवर ताडून पाहणें अधिक सोईचें. चांगली बैलजोडी सुमारें ९० किलोंची ओढ देत तासास तीन किलोमीटर चालली, तर गणित बरोबर एका अश्वशक्तीचें येतें. मग २४ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे चोवीस बैलजोड्या, असें कोणासहि वाटेल. विक्रेताहि तसेंच सांगतो. परंतु शेतांत तसें घडत नाहीं, आणि कां घडत नाहीं तें समजलें म्हणजे खरेदीचा अर्धा प्रश्न सुटला.

काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, ढेकळें दगडासारखीं होतात, आणि पावसाळ्यांत तीच माती चाकांस व फाळांस लोण्यासारखी चिकटते. अशा जमिनींत नांगराचा फाळ एक फूट रुंद आणि आठ इंच खोल चालवावयाचा असेल, तर मातीचा कापला जाणारा छेद सुमारें ६०० चौरस सेंटिमीटरांचा होतो. भारी जमिनीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरास पाऊण किलो धरला तर एका फाळास ४५० किलोंची ओढ लागेल. तासास चार किलोमीटरच्या वेगानें ही ओढ देण्यास सातांहूनहि कमी अश्वशक्ति पुरते. तेव्हां २४ अश्वशक्तीच्या यंत्रानें एकच काय, दोन फाळ सहज ओढावेत! पण ओढ इंजिनांत निर्माण झाली तरी ती जमिनीस लावावयाची चाकांनीं; आणि चाकांची पकड अवलंबून असते ट्रॅक्टरच्या वजनावर. नांगरलेल्या किंवा मऊ रानांत ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्याहूनहि कमीच ओढ देऊं शकतो. लहान ट्रॅक्टरचें वजन आठशें-नऊशें किलो. म्हणजे त्याची ओढ चारशें किलोंच्या आंतबाहेर. नांगर एके जागीं रुतून बसतो, चाकें जागच्या जागीं फिरतात, टायर झिजतात, डिझेल जळतें, आणि इंजिनाची बाकीची शक्ति रिकामी राहते. मोठ्या ट्रॅक्टरचें वजन दोन टनांच्या घरांत असतें, म्हणून तो दोन फाळ ओढतो. टायरांत पाणी भरून वा लोखंडी वजनें लावून लहानाचें वजन थोडें वाढवितां येतें. परंतु ज्या यंत्राचा आंस व दांते लहान कामासाठीं घडविलेले आहेत त्यास पाठीवर धोंडा बांधून मोठ्याचें काम करावयास लावणें शहाणपणाचें नव्हे.

ह्यावरून असें ठरतें कीं, आष्टीसारख्या भारी जमिनीच्या गांवीं लहान ट्रॅक्टर घ्यावयाचा तो बैलजोडीच्या जागीं घ्यावा, मोठ्या ट्रॅक्टरच्या जागीं नव्हे. खोल नांगरट वर्षांतून एकदां, कित्येक शेतांत तर दोन-तीन वर्षांतून एकदां करावयाची असते. ती उन्हाळ्यांत होते, आणि चार दिवस मागेंपुढें झाली तरी नुकसान होत नाहीं. ती खुशाल भाड्यानें करून घ्यावी. बैलांचीं जीं कामें होतीं, म्हणजे वखरणी, पेरणी, कोळपणी, आणि आतां त्यांत भर पडलेली फवारणी, त्या कामांची गोष्ट निराळी आहे. तीं चार दिवस थांबत नाहींत.

येथें वापसा हा शब्द आठवावा. पाऊस उघडल्यावर माती धड ओली नाहीं, धड कोरडी नाहीं, अशी जी कामाजोगी अवस्था येते ती वापसा. काळ्या रानांत ती उशिरां येते आणि लवकर जाते. जुलै महिन्यांत दोन पावसांच्या मध्यें कधीं दोन, कधीं तीन दिवस वापशाचे मिळतात, आणि त्याच दिवसांत सगळ्या शिवारास कोळपणी हवी असते. भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवशीं ज्याचा बांध रस्त्याला लागून त्याच्याकडे, किंवा ज्याचें शेत मोठें त्याच्याकडे आधीं जातो. पांच एकरवाल्याचा नंबर येईतों पुन्हां पाऊस लागतो. तण एकदां वर आलें म्हणजे मग निंदणीच्या मजुरीचा आंकडा कोणास विचारण्याची सोय नाहीं. स्वतःच्या दारांतील लहान ट्रॅक्टरची खरी किंमत ह्या दोन-तीन दिवसांत आहे. ज्यास ही निकड नाहीं, ज्याचें काम भाड्यानें वेळेवर होत आहे, त्यानें तो घेण्याचें कारण दिसत नाहीं.

आतां कोळपणीसाठींच ट्रॅक्टर घ्यावयाचा म्हटल्यावर अश्वशक्तीच्या आधीं रुंदी मोजली पाहिजे. दुकानांत जातांना खिशांत मोजपट्टी असावी. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असतें. ट्रॅक्टर दोन ओळी पोटाखालीं घेऊन चालला, तर त्याच्या डाव्या व उजव्या चाकांच्या मध्यांमधील अंतर ९० सेंटिमीटर पाहिजे, म्हणजे प्रत्येक चाक ओळींच्या मधोमध पडतें. मागील टायर आठ इंच रुंद असला तर दोहों बाजूंस बारा बारा सेंटिमीटर मोकळे राहतात. एवढी जागा पुरते. पण टायर बारा इंचांचा असला तर पुरत नाहीं. कापूस चार फुटांवर लावलेला असेल तर तीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर दोन ओळींमधून जाईल, आणि दोहों बाजूंस वीतभराहून कमी जागा राहील. कापूस तीन फुटांवर असेल तर मात्र तो मधून जाऊं शकत नाहीं. ओळ पोटाखालीं घ्यावी लागते, आणि पोटाखालची मोकळी जागा फुटाच्या आसपास असल्यानें झाड तेवढें वाढेपर्यंतच कोळपणी होते. कांहीं ट्रॅक्टरांत चाकें उलटीं-सुलटीं बसवून हें अंतर कमीजास्त करतां येतें. तें किती होतें, आणि करावयास किती वेळ लागतो, हें विक्रेत्याकडून प्रत्यक्ष करवून पाहावें. कागदावर सर्व कांहीं होतें.

ह्याच संबंधांत आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत उशिरां येते. पेरणी ज्या रुंदीनें झाली त्याच रुंदीनें कोळपें चालतें. पेरणी दुसऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनें, त्याच्या पेरणीयंत्राच्या अंतरावर झाली, किंवा तिफणीच्या ओळी वांकड्या गेल्या, तर घरचा लहान ट्रॅक्टर त्यांत शिरतांच झाडें आडवीं होतात. म्हणून पेरणी आणि कोळपणी हीं दोन्ही एकाच ट्रॅक्टरनें करावयाचीं, असें ठरवूनच तो घ्यावा. रुंद वाफा-सरीच्या ज्या पद्धतीचा प्रसार परभणीच्या विद्यापीठानें सोयाबीनसाठीं केला आहे, तिचें चार ओळींचें यंत्र लहान ट्रॅक्टरच्या आवांक्याबाहेरचें आहे. ज्यांस त्या पद्धतीनें पेरावयाचें असेल त्यांनीं आधीं हा विचार करावा.

मोसंबीच्या बागेचा विचार वेगळा करावा लागतो. झाडें सहा मीटरांवर असतात, तेव्हां रुंदीची अडचण नाहीं. अडचण उंचीची आहे. फळांनीं वांकलेल्या फांद्या जमिनीस टेंकलेल्या असतात, आणि ट्रॅक्टरचें धुराडें उभें असलें तर तें फळें ओरबाडीत जातें. बागेसाठीं घ्यावयाच्या ट्रॅक्टरचें धुराडें आडवें किंवा खालीं वळविलेलें असावें. रोटाव्हेटर बागेंत चालवितांना फार खोल घालूं नये, कारण मोसंबीचीं अन्न घेणारीं बारीक मुळें वरच्या एका फुटांतच पसरलेलीं असतात; खोल रोटाव्हेटर फिरविला कीं तीं तुटतात. बाग भुसभुशीत दिसते, मालक खूश होतो, आणि झाड आंतून जखमी होतें. बागेंत लहान ट्रॅक्टरची खरी कमाई फवारणीची. ट्रॅक्टरच्या मागें जो फिरता दांडा असतो, ज्यास पीटीओ म्हणतात, त्यावर पंप चालतो, आणि पाठीवर पंप घेऊन दोन माणसांनीं दिवसभर करावयाचें काम फार थोड्या वेळांत उरकतें.

ह्या दांड्याची गति मिनिटास ५४० फेरे ही ठरलेली आहे. परंतु शक्ति ठरलेली नाहीं. जाहिरातींत जो आंकडा मोठ्या अक्षरांत असतो तो इंजिनाचा. दांड्यापाशीं त्याहून कमी शक्ति पोंचते, आणि रोटाव्हेटर व पंप चालावयाचे त्या कमी शक्तीवर. म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना दांड्याच्या अश्वशक्तीनें करावी. मध्य प्रदेशांत नर्मदेकांठीं बुदनी येथें ट्रॅक्टरांची परीक्षा घेणारी केंद्र सरकारची संस्था १९५५ सालापासून आहे. तिच्या अहवालांत दांड्याची शक्ति, जास्तींत जास्त ओढ, उचल आणि इंधनाचा खर्च हे सर्व मोजून दिलेलें असतें. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. तो देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याशीं व्यवहार करतांना सावध असावें. जालन्याजवळ खरपुडी येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. अहवाल वाचून अर्थ लागत नसेल तर तेथील तज्ज्ञांस दाखवावा. ह्यांत संकोच करण्याजोगें कांहीं नाहीं.

मागील बाजूस औजार उचलणारे जे तीन दांडे असतात, त्यांची कल्पना हॅरी फर्ग्युसन ह्या आयर्लंडच्या मनुष्याची. १९३९ मध्यें फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती बसली आणि पुढें सर्व जगानें तिचा स्वीकार केला. औजार ट्रॅक्टरचाच एक अवयव झालें, आणि मातीची ओढ चाकांवर वजन म्हणून येऊं लागली. लहान ट्रॅक्टरांत ही रचना आकारानें लहान व अरुंद असते. ह्याचा व्यावहारिक परिणाम असा कीं, शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचीं औजारें सहसा त्यास बसत नाहींत. तीन-साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर, पांच फणांचें औजार, पेरणीयंत्र, फवारणीचा पंप, लहान ट्रॉली हें सर्व वेगळें घ्यावें लागतें. ट्रॅक्टरची किंमत ऐकून निघालेला मनुष्य औजारांची किंमत ऐकून थबकतो, पण तोंवर बयाणा दिलेला असतो!

दोन चाकांस गति असलेला घ्यावा कीं चारहि चाकांस, हा वाद गांवोगांवीं चालतो. आष्टीच्या जमिनीचा विचार करतां, पदरीं पैसा असेल तर चारहि चाकांचा बरा. त्यामुळें नांगरट होईल असें नाहीं. पण वापसा पुरता येण्याच्या आधीं अर्धा दिवस रानांत शिरतां येतें आणि मागील चाकें घसरून ओळ मोडत नाहीं. ज्याचें काम मुख्यतः बागेंतील फवारणीचें व घरच्या मालाच्या वाहतुकीचें आहे त्यास दोन चाकांचा पुरे. एका सिलिंडरच्या इंजिनास हादरे अधिक बसतात, पण त्याची रचना सोपी असते. दुरुस्तीचें ठिकाण किती दूर, हें मात्र दोहोंसाठीं सारखेंच महत्त्वाचें आहे. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला आणि कारागीर जालन्याहून निघावयाचा असला, तर सुटा भाग परतुरांत मिळतो काय, हा प्रश्न रंगरूपाहून मोठा ठरतो. त्या कंपनीचा तोच ट्रॅक्टर पंचक्रोशींत आणखी कोणाकडे आहे तें पाहावें, आणि त्याच्या मालकास एकट्यास गांठून विचारावें.

पैशाचा हिशेब आतां घेऊं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळें किंमती कांहींशा उतरल्या. यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनेंतून अनुदान मिळूं शकतें. त्याचे अर्ज महाडीबीटीवर भरावयाचे असतात. ह्यांत एक नियम कडक आहे: पूर्वसंमति हातीं येण्याच्या आधीं खरेदी केली तर अनुदान मिळत नाहीं. मुहूर्त साधण्याच्या घाईनें कित्येकांचें अनुदान गेलें आहे. अनुसूचित जाति व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठीं राज्याच्या सामाजिक न्याय विभागानें मिनी ट्रॅक्टरची निराळी योजना काढली. तींत ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर व त्याचीं उपसाधनें ह्यांसाठीं साडेतीन लाख रुपयांची मर्यादा ठेवण्यांत आली होती आणि तिच्या नव्वद टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये, अनुदान ठरलें होतें. गटानें केवळ ३५ हजार घालावयाचे. ज्यांस ही योजना लागू पडत असेल त्यांनीं कर्जाकडे वळण्यापूर्वीं तिची चौकशी करावी.

ज्यांस कर्जच काढावयाचें आहे त्यांनीं हप्ता पाठ करून ठेवावा. समजा, ट्रॅक्टर व औजारें मिळून चार लाखांचें कर्ज झालें, व्याज वर्षास बारा टक्के, फेड पांच वर्षांत, सहामाही हप्त्यानें. प्रत्येक हप्ता सुमारें ५४ हजार ३५० रुपयांचा होतो. वर्षास १ लाख ८ हजार ७००. पांच वर्षांत बँकेंत जातात ५ लाख ४३ हजारांहून अधिक. ह्यांत डिझेल नाहीं, विमा नाहीं, टायर नाहीं. काम चालू असतां लहान ट्रॅक्टर तासास दोन लिटरांच्या मागेंपुढें डिझेल घेतो.

ह्या हप्त्यासमोर काय मांडावयाचें? एक साधी वही घ्यावी, आणि मागील वर्षीं वखरणी, पेरणी, कोळपणी, फवारणी व वाहतूक ह्यांस भाड्याचे व मजुरीचे किती रुपये प्रत्यक्ष गेले तें तींत आठवून लिहावें. बैल असतील तर त्यांची वैरण व गड्याचें साल हेंहि लिहावें. समजा, सात एकरांच्या कुटुंबास ही बेरीज साठ हजार आली. म्हणजे वर्षास जवळजवळ पन्नास हजार, शिवाय डिझेल, बाहेरून आणावयाचे आहेत. कोठून? विक्रेता सांगतो, दुसऱ्यांच्या शेतांत भाड्यानें चालवा. पण ज्या दिवशीं भाडें मिळतें तो दिवस वापशाचा, आणि त्याच दिवसासाठीं ट्रॅक्टर घेतलेला! घरचें शेत आधीं कीं भाडें आधीं, अशी ओढाताण घराघरांत चाललेली आहे. त्यांत एखादा पावसाळा दगा देतो. मराठवाड्यास ह्याचा अनुभव सांगावयास नको. हप्ता मात्र पावसाकडे पाहत नाहीं. कर्जासाठीं जमीन तारण असेल तर बँकेचा बोजा सातबाऱ्यावर चढलेला असतो, आणि दोन हप्ते थकले म्हणजे पुढील वर्षाचें पीककर्जहि अडतें. म्हणजे ज्या शेतासाठीं यंत्र आणलें त्या शेतासच बियाण्याचा पैसा मिळत नाहीं. हप्त्याच्या निदान दोन-तृतीयांश रक्कम वहीच्या बेरजेंतून निघत नसेल तर एकट्यानें ट्रॅक्टर घेऊं नये, असें मानणें बरें.

एकट्यानें म्हणण्याचें कारण, सावड ही आपल्याकडील जुनी रीत अजून मेलेली नाहीं. दोन भावांनीं किंवा बांधाला बांध असलेल्या तिघां शेजाऱ्यांनीं मिळून घेतला तर पंधरा-वीस एकरांवर हाच हप्ता हलका होतो. भांडण होतें तें वापशाच्या दिवशींच. म्हणून पाळी आधीं कागदावर लिहावी, डिझेल ज्याचें त्यानें घालावें, आणि चालविणारा शक्यतों एकच असावा. दहा हातांनीं चालविलेल्या ट्रॅक्टरचा क्लच लवकर जातो.

जुना ट्रॅक्टर घेणें वाईट नाहीं, पण त्याच्या तासांच्या घड्याळावर पूर्ण विश्वास ठेवूं नये. क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्या किती झिजल्या आहेत तें पाहावें. घड्याळ बदलतां येतें, पायपट्ट्या सहसा कोणी बदलीत नाहीं. इंजिन थंड असतां स्वतः सुरू करून पाहावें. नोंदणीपुस्तकावर वित्तसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरल्याचें पत्र हातीं येईपर्यंत पैसे देऊं नयेत. जालन्याच्या नोंदणीचा क्रमांक एमएच २१ नें सुरू होतो. दुसऱ्या जिल्ह्याचा वा राज्याचा असेल तर नांव बदलण्यास लागणारा वेळ व खर्च किंमतींतून वजा धरावा.

यंत्र लहान म्हणून धोका लहान, असें समजणाऱ्यांनीं पुढील गोष्ट ऐकावी. अरुंद ट्रॅक्टर बांधावर व कालव्याच्या भरावावर मोठ्यापेक्षां लवकर कलतो. ओझें जोडावयाचें तें खालच्या आंकड्यास. उंचावर जोडून हिसका दिला कीं पुढील चाकें उचललीं जातात आणि ट्रॅक्टर मागें उलटून चालकाच्या अंगावर येतो. हें घडण्यास एकदोन सेकंद पुरतात. आणि आपल्या भागांतील कठडा नसलेल्या विहिरी! ४ एप्रिल २०२५ रोजीं नांदेड जिल्ह्यांत आलेगांवच्या शिवारांत, हिंगोली जिल्ह्यांतून कामासाठीं आलेल्या शेतमजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत कोसळला आणि सात जणींचा अंत झाला. ट्रॉली मालासाठीं आहे. ट्रॅक्टर घरीं येण्यापूर्वीं आपल्या शेतांतील विहिरीस कठडा घालून घ्यावा. त्याचा खर्चहि त्या वहींतच लिहावा. चालविणाऱ्यापाशीं परवाना असावा, आणि मडगार्डवर मुलास बसवून फेरी मारण्याची हौस पहिल्याच दिवशीं मोडावी.

सर्व विचार होऊन निवड ठरली, तरी शेवटची परीक्षा दुकानाच्या फरशीवर घेऊं नये. विक्रेत्यास ट्रॅक्टर आपल्या शेतावर आणावयास सांगावें. उभ्या पिकाची वेळ असेल तर दोन ओळी कोळपून दाखवावयास लावाव्या, धुऱ्यावर किती जागेंत वळतो तें पाहावें, रोटाव्हेटर जमिनींत असतां इंजिन दबतें कीं काय तें कानांनीं ऐकावें, आणि जो मुलगा तो रोज चालविणार त्यासच आसनावर बसवावें. ताबा घेतांना चासिस व इंजिनाचे क्रमांक कागदांशीं ताडून पाहावेत, विम्याचा कागद त्याच दिवशीं मागावा. पहिल्या पन्नास तासांत इंजिनावर पूर्ण भार टाकूं नये. ते तास भरले म्हणजे तेल बदलावें, चाकांचे व पुढील आंसाचे सर्व नट आवळून घ्यावेत. नव्या यंत्राचे नट ह्याच काळांत सैल होतात.